सन १९८२ ची पोरं

मोठ्यांसारखा गुन्हा केला, तर सजाही मोठ्यांसारखीच हवी, असं मी वर्षानुवर्षं म्हणत आले. सोळा ते अठरा वयाच्या मुलांवर जघन्य गुन्ह्यांसाठी मोठ्यांसारखा खटला चालवता येईल असा कायदा डिसेंबर २०१५ मध्ये संसदेत मंजूर झाला, तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं.

मार्च २०२३ मध्ये ते मत हललं. ऑगस्ट १९९४ मध्ये पुण्यात राठी नावाच्या कुटुंबाच्या घरी पाच बायका आणि दोन लेकरं मारली गेली. त्यातली एक बाई पोटुशी होती. एका आरोपीची फाशी सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये कायम केली आणि २०२३ मध्ये त्याच न्यायालयानं मान्य केलं, की गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. जन्म फेब्रुवारी १९८२ चा. आजच्या कायद्यानं त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. अठ्ठावीस वर्षं भोगून तो नागपूरच्या तुरुंगातून सुटला. पुरावा काय, तर राजस्थानातल्या त्याच्या गावच्या शाळेतली नोंद.

मी मध्य प्रदेशातल्या मलाजखंडला, तांब्याच्या खाणीच्या गावी, मास्तरीण होते. शाळेचं दाखिल-खारिज रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची नोंदवही, माझ्याच हातचं. आसपासच्या गोंड-बैगा पाड्यांवरचे आईबाप जन्मतारीख विचारली की म्हणायचे, "तांब्याची खाण सुरू झाली त्या साली." मी १ जुलै १९८२ लिहायची. अशा तारखेत वर्षा-दोन वर्षांची चूक होते, बाराचे अठरा होत नाहीत.

१९९४ मध्ये हीच पोरं माझ्या सहावी-सातवीत होती. त्यातला एक दांडगा, मारामाऱ्यांत पुढे. पण खाणीत ब्लास्टिंग झालं, खिडक्यांची तावदानं थरथरली, की तो बाकाखाली शिरायचा आणि बराच वेळ माझा पदर सोडायचा नाही. निकालाची बातमी वाचताना तोच डोळ्यांपुढे आला. त्याच्या वयाच्या पोराला मी फाशी मागत होते.

त्या आरोपीला पकडलं त्याच दिवशी कुणी नीट विचारायला हवं होतं, "पोरा, कुठल्या शाळेत होतास?" नोंद तेव्हाही होती.

पुण्याची बहीण अजून माझ्याशी भांडते. "त्या दोन लेकरांचं काय?" म्हणते. सात जीव आणि तीन वर्षं, हा हिशेब मलाही जुळवता येत नाही. मी गप्प बसते. पण फाशी मात्र आता मागत नाही.