नाकाचे चाक

ओसाकाच्या इतामी विमानतळावरून 13 मार्च 2007 रोजी सकाळी निघालेल्या ऑल निप्पॉन या विमान कंपनीच्या विमानात 56 प्रवासी आणि 4 कर्मचारी होते. जायचे होते कोचीला, म्हणजे जपानमधल्या शिकोकू बेटावरच्या. उतरायच्या वेळी मागची चाके बाहेर आली, नाकाचे मात्र आले नाही. त्याचा दरवाजाच अडकला होता. हाताने चालवायची पर्यायी यंत्रणाही निरुपयोगी ठरली.

मग वैमानिकाने मागची चाके धावपट्टीवर आपटून विमान पुन्हा वर नेले. धक्क्याने दरवाजा सुटेल, ही अटकळ. तो सुटला नाही. घिरट्या घालून इंधन जाळले गेले. हलके विमान सावकाश उतरते आणि आगीचा धोकाही घटतो. टीव्हीवर सारा देश हे बघत होता.

10 वाजून 54 मिनिटांनी मागची चाके टेकली. वेग पुरेसा होता तोवर नाक उचलून धरले होते, मग ते अलगद खाली आले. ठिणग्या उडाल्या, विमान घासत जाऊन थांबले. कोणालाही इजा झाली नाही.

तपासात कारण क्षुल्लक निघाले: दरवाजाच्या यंत्रणेतला एक बोल्टच नव्हता. अशी चूक नेहमीच निभावून जात नाही. याच इतामीवर 1978 मध्ये एका जम्बो जेटची शेपटी घासली होती. तिची दुरुस्ती सदोष झाली आणि 1985 मध्ये त्याच विमानाच्या अपघातात 520 माणसे गेली. त्या वेळी विमानाचे नियंत्रण चालवणाऱ्या हायड्रॉलिकच्या चारही प्रणाली निकामी झाल्या होत्या, वैमानिकांच्या हाती इंजिनांखेरीज फारसे काही उरले नव्हते.