तेल मागणारा डोंगर

दिवाळीच्या दिवसांत शहाण्या माणसाने घर सोडू नये. पण गेल्या वर्षी भाच्याच्या हट्टापायी मी धनत्रयोदशीच्या सकाळी जळगावला सुरतेकडच्या गाडीत चढलो. माझ्या मांडीवर फराळाचा डबा आणि बहिणीने दिलेली तेलाची बाटली. भाच्याच्या मांडीवर कॅमेरा.

स्वारीला भयपट काढायचा होता, तोही ‘फाउंड फुटेज’ जातीचा. म्हणजे चित्रण करणारे नाहीसे झाले आणि मागे त्यांची फिल्म तेवढी सापडली, असा बहाणा. १९९९ सालच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने हा प्रकार जगभर गाजवला. अमेरिकेतल्या मेरीलँडच्या रानात तीन विद्यार्थी चेटकिणीच्या आख्यायिकेचा माग घेत जातात, वाट चुकतात आणि परतत नाहीत. चेटकीण पडद्यावर दिसतच नाही. भिववते ते रान, आणि गावकऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी. आख्यायिका मात्र चित्रपटवाल्यांनीच रचलेली! बर्किट्सव्हिल हे गाव तेवढे खरे. तिथे मग हौशी प्रेक्षकांची रीघ लागली आणि गावाच्या नावाच्या पाट्यासुद्धा चोरीला गेल्या.

“आपल्याला तर रचायचीही गरज नाही, मामा,” भाचा म्हणाला, “आपला अस्तंबा आहे!”

अमळनेर मागे पडले, नरडाणा आले आणि धुळे जिल्हा सुरू झाला. काळ्या शेतांत कापूस फुटला होता. दूर उत्तरेला सातपुडा. त्याच रांगेत, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि आता नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या अक्राणीच्या मुलखात, अस्तंब्याचे शिखर आहे. तिथे अश्वत्थामा राहतो अशी श्रद्धा. कपाळीचा मणी गेल्याची जखम घेऊन तो भटकतो आणि वाटसरूंकडे तेल मागतो. दिवाळीत त्याची यात्रा भरते.

दोंडाईच्याला एक निवृत्त गुरुजी डब्यात आले. भाच्याने लगेच त्यांच्यावर कॅमेरा रोखला.

“गुरुजी, डाकिणीची गोष्ट सांगा ना! एखाद्या बाईचे घर दाखवता आले तर फारच छान.”

गुरुजींनी हळूच कॅमेरा खाली केला. “बाळ, तुझ्या सिनेमातली चेटकीण खोटी असते. पहाडात डाकीण म्हणून जिच्याकडे बोट दाखवतात ती बाई खरी असते. मूल दगावले, बैल मेला, की बोट एखाद्या एकट्या विधवेकडे वळते. मग मारहाण होते, घर सुटते, कधी जीवही जातो. २०१३ साली राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला तो उगाच नव्हे. तू हलत्या चित्रांचा पुरावा दाखवशील आणि पुण्याला निघून जाशील. ती कुठे जाईल?”

नंदुरबारपर्यंत भाचा खिडकीबाहेर पाहत राहिला. मीही गप्प होतो. लहानपणी त्याला डाकिणीच्या गोष्टी सांगून जेवू घालणारा मीच!

प्रकाशाजवळ तापी ओलांडून आम्ही तळोद्याला पोचलो आणि रात्री यात्रेकरूंबरोबर डोंगर चढू लागलो. माझे गुडघे कुरकुरत होते. दम खायला थांबलो तेवढ्यात पुढची माणसे वळणाआड गेली. मग फाटा चुकला. पायाखाली गवत लागले, विजेरी मंदावली. भाच्याच्या हातातला कॅमेरा आता मुद्दाम हलवावा लागत नव्हता.

“इकडून या, भाऊ!” वरून आवाज आला. मशाल घेतलेला एक म्हातारा आदिवासी उतरून आला आणि त्याने आम्हाला वाटेवर आणले. चुकलेल्याला अश्वत्थामा वाट दाखवतो, असे इकडे मानतात. मी ते त्याला म्हटले, तर तो नुसता हसला.

पहाटे आम्ही देवस्थानाशी तेल वाहिले. भाच्याने पुढे सिनेमा पुरा केला. त्यात डाकीण नाही. काळोख आहे, आमची धाप आहे, आणि शेवटी तो एक आवाज. घरची मंडळी तो पाहताना सुरुवातीला घाबरतात. “इकडून या, भाऊ” ऐकू आले, की माझी बहीण दर वेळी पदराने डोळे पुसते.