ढोलीतला संसार

बेळगावहून खानापूर, नंदगड, हल्याळ असा रस्ता धरला की दांडेली येते. बहुतेक मंडळी तिथे काळी नदीच्या पाण्यात खेळायला जातात. आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस गेलो ते धनेश पाहायला. काळीकाठचे जंगल २०११ साली या पक्ष्यासाठी राखीव झाले. अणशी-दांडेली व्याघ्र प्रकल्प २००७ चा. २०१५ पासून त्याचे नाव ‘काळी’.

इथे धनेशाच्या चार जाती आहेत. त्यातला कवड्या धनेश दांडेली गावातल्या लाकूड डेपोतल्या झाडांवरही बसतो. खाली तोडलेल्या ओंडक्यांच्या थप्प्या आणि वर हे पाहुणे! मोठा धनेश मात्र दाट जंगलातला. लांबी साडेतीन फुटांच्या घरात, पिवळी बाकदार चोच, तिच्यावर टोपासारखा फुगवटा. उडताना पंखांचा आवाज कोळशाच्या इंजिनासारखा येतो. जगभरातली त्याची घटती संख्या पाहून २०१८ साली त्याची नोंद धोक्यात आलेल्या जातींत झाली.

त्याचा संसार मुलखावेगळा आहे. मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि दार लिंपून घेते. उरते ती चोचीपुरती फट. अंडी उबवून पिल्ले वाढेपर्यंत अनेक आठवडे नर बाहेरून घास पुरवतो. त्याचे काही बरेवाईट झाले तर आतल्या जिवांची उपासमार ठरलेली.

वाटाड्याने आम्हाला अशी एक ढोली दुरून दाखवली. जागा मुद्दामच सांगत नाही. झाडाच्या बुंध्याशी चार-पाचजण मोठे कॅमेरे लावून बसले होते. नर समोरच्या फांदीवर आला, थबकला आणि परत गेला. दुसऱ्यांदाही तेच झाले.

“आत बाई उपाशी आहे हो, जरा मागं सरा,” वाटाड्या त्यांना म्हणाला. थोडी कुरबुर झाली, पण मंडळी उठली. आम्हीही आणखी मागे, झुडपांआड गेलो.

पाऊण तासाने तो आला. गळ्याच्या पिशवीतून एकेक उंबर वर काढून चोचीच्या टोकावर घ्यायचा आणि फटीत सारायचा. आतून चोच पुढे यायची, फळ घ्यायची. माझी दहा वर्षांची भाची दुर्बिणीतून फळे मोजत होती. अठरापर्यंत मोजली आणि मग मोजायचे विसरली.

धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. म्हातारे, पोकळ झाड लाकडाच्या हिशेबात कवडीमोलाचे. याच्यासाठी तेच घर. नव्या रोपांना तशी ढोली धरायला कित्येक दशके लागतात. उंबर-नांदरूकाच्या बिया मात्र हा पक्षी रानभर टाकत असतो.

जायचे तर जानेवारी ते एप्रिल बरा. दुर्बीण जरूर न्या, मुलांनाही न्या. ढोली दिसली तर मात्र दुरूनच पाहा. तुम्ही तिथे उभे असेपर्यंत आतली मादी घासाची वाट पाहत असते.