एकदाच नीट काढलेली खिडकी

गोव्यातल्या आमच्या नार्व्याच्या घरात माळ्याच्या तुळईला लाकडी फर्मे टांगलेले असत. बाबा सुतारकाम करीत. वाशाचं टोक कसं कापायचं, चौकटीच्या माथ्याला बाक किती द्यायचा, हे त्या पातळ फळ्यांत कापून ठेवलेलं होतं. मये, पिळगाव, डिचोली, जिथं काम निघेल तिथं हवा तो फर्मा बाबांच्या पिशवीतून जाई. काही फर्मे आजोबांचे होते. त्यांच्यावर आजोबांनी पेन्सिलीनं लिहिलेली मापं बाबांनी कधी पुसली नाहीत.

ड्राफ्ट्समनचा कोर्स करताना फर्मा माझ्या हाती वेगळ्या रूपात आला. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं आणि हिरव्या प्लॅस्टिकची टेम्प्लेट. बेसिन, संडासाचं भांडं, दाराचा पाव वर्तुळाचा फेरा, सगळ्यांची छिद्रं त्यात कापलेली. छिद्राच्या कडेनं पेन फिरवलं की आकृती उमटे. पण टेम्प्लेट एकाच प्रमाणाचं असे. 1:100 चं टेम्प्लेट 1:50 च्या नकाशाला चालत नसे. शिवाय आर्किटेक्टनं दाराची रुंदी बदलली, की ब्लेडनं शाई खरवडून एकेक दार पुन्हा काढावं लागे.

मग ऑफिसात संगणक आला आणि मी ऑटोकॅड शिकले. दार एकदा काढायचं, त्याला नाव द्यायचं, म्हणजे त्याचा ‘ब्लॉक’ होतो. तो हवा तिथं, हवा तितक्या वेळा बसवता येतो. मूळ ब्लॉक बदलला की नकाशातली त्या नावाची सगळी दारं एकदम बदलतात. ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माळ्यावरचे फर्मे डोळ्यांसमोर आले. बाबांच्या फर्म्यानं पुढचा वासा नीट कापता येई, आधी बसवलेला मात्र तसाच राही. इथं आधी बसवलेलंही सुधारत होतं. पुढे वाचनात आलं की 1963 साली अमेरिकेत एमआयटीमध्ये इव्हान सदरलँड यांनी ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली केली, तेव्हाच हा विचार तीत होता: एक मूळ आकृती, तिच्या अनेक प्रती, आणि मूळ बदललं की प्रती बदलणार. ऑटोकॅड आलं ते 1982 मध्ये.

ब्लॉक करणं सोपं आहे, चांगला ब्लॉक करण्यात मात्र सगळं कसब लागतं. पहिला प्रश्न बेस पॉइंटचा, म्हणजे ब्लॉक कुठं धरून उचलायचा. दार मी बिजागरीकडच्या कोपऱ्यात धरते, खिडकी भिंतीच्या बाहेरच्या रेषेवर मधोमध. बिंदू चुकीचा असला तर बसवणाऱ्याला दर वेळी सरकवत बसावं लागतं. दुसरा प्रश्न लेयरचा, म्हणजे रेषा नकाशाच्या कोणत्या थरावर काढायच्या. ब्लॉकमधल्या रेषा शून्य क्रमांकाच्या लेयरवर काढल्या आणि रंग लेयरवर सोपवला, तर ब्लॉक ज्या लेयरवर बसेल त्याचा रंग घेतो. तिसरा प्रश्न नावाचा. ज्या नकाशात त्याच नावाचा ब्लॉक आधीपासून असेल, तिथं नवा आणला तरी जुनाच बसतो. म्हणून ‘खिडकी-1’ असलं मोघम नाव मी कधी देत नाही. नावात प्रकार आणि रुंदी हवी. ब्लॉकला माहिती जोडून ठेवली की शेवटी दारं-खिडक्यांचा तक्ताही त्यातूनच निघतो. आणि घाईत कुणी ब्लॉक फोडला की उरतात नुसत्या सुट्या रेषा, मूळ आकृतीशी त्यांचा संबंध तुटतो.

तयार ब्लॉकचे ढीग आता कुठंही मिळतात. त्यातली खिडकी गोव्याच्या नकाशात बसते, पण आपल्याकडं पाऊस पडतो वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर. त्या खिडकीला छज्जा नसतो, उंबऱ्याला बाहेर उतार नसतो, चिऱ्याच्या भिंतीची जाडी तिला ठाऊक नसते. नकाशात न दिसलेलं पाणी पुढं घरात दिसतं. म्हणून मी आमच्या भागाचा संग्रह करत आले: कौलांच्या उतरणीचं टोक, पागोळीचा पन्हळ, चिऱ्याचं जोतं, तुळशीवृंदावन, बाल्कांवातली, म्हणजे दारापुढच्या ओसरीतली, बैठक.

जुन्या घराची मापं घेताना मात्र हा संग्रह मी बंद ठेवते. शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या एका रांगेत सारख्या दिसतात, पण टेप लावला की प्रत्येक दोन बोटं वेगळी निघते. तिथं एक काढून बाकीच्या बसवल्या तर नकाशा सुबक दिसेल आणि खोटा ठरेल. ती प्रत्येक खिडकी वेगळी काढायला हवी, कितीही वेळ लागला तरी.

काय सोबत न्यायचं आणि काय नव्यानं घडवायचं, हा प्रश्न नार्व्याला नवा नाही. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचं दिवाडी बेटावरचं. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ते देऊळ पाडल्यावर लिंग नदीपार इथं आणलं गेलं. 1668 साली शिवाजी महाराजांनी इथल्या देवळाच्या जीर्णोद्धाराची आज्ञा दिली, तसा शिलालेख देवळात आहे. 2023 मध्ये त्याचा पुन्हा जीर्णोद्धार झाला. लिंग तेच राहिलं. भोवतीचं देऊळ मात्र या जागेचं आहे, या पावसाला साजेशा उतरत्या कौलारू छपराचं.

ऑफिसात नवी मुलं येतात तेव्हा मी त्यांना संग्रहाची फाइल देते आणि एकेक ब्लॉक उघडून दाखवते: हा बिंदू इथं का, हा उतार एवढा का. ज्यांना कारण कळतं ती पुढं स्वतःची खिडकी काढतात. माझ्या काही ब्लॉकमध्ये त्यांनी सुधारणा केल्या आहेत, आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या आहेत.