टाकाऊ कोणास म्हणावें?

हस्तकलेच्या तासास 'घरांतील टाकाऊ वस्तु आणा' अशी आज्ञा सुटली कीं मुलांची धांदल उडते. आमच्या वर्गांत कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतींतील कामगारांचीं मुलें पुष्कळ. अशाच एका प्रसंगीं एक मुलगी रिकाम्या हातानें आली आणि म्हणाली, "गुरुजी, आमच्या घरांत टाकायचं कांहींच नसतं." तें अक्षरशः खरें होतें. तेलाची बाटली तिच्या घरीं पाण्याची होते, पुठ्ठ्याचें खोकें कपड्यांची पेटी होतें, आणि लुगड्याची चिंधी वाकळेंत जाते. शेजारच्या मुलानें मात्र सुबक फुलदाणी आणिली होती. तिच्यासाठीं सरबताची नवी बाटली विकत घेऊन मोरींत रिकामी केली होती! अशा फुलदाण्या प्रदर्शनांत मांडाव्या, पाहुण्यांनीं वाखाणाव्या आणि आठ दिवसांनीं उकिरड्यावर जाव्या, ह्यास 'टाकाऊपासून टिकाऊ' कां म्हणतात तें आम्हांस उमगत नाहीं.

श्री. अरविंद गुप्ता यांची वाट ह्याहून निराळी. कानपूरच्या आय.आय.टी.चे हे पदवीधर पुण्यास टेल्कोंत नोकरीस असतां १९७८ सालीं वर्षभराची रजा घेऊन मध्यप्रदेशांतील होशंगाबादेकडील खेड्यांत विज्ञानशिक्षणाच्या कार्यास गेले. पुढें पुण्याच्या 'आयुका' संस्थेंतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेंत त्यांनीं अनेक वर्षें कचऱ्यांतून खेळणीं केलीं. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. त्यांची एक कृति पाहा. सायकलच्या व्हॉल्वच्या रबरी नळीचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावे, गुल खरवडलेल्या काड्या त्यांच्या दोन्ही टोकांत खोंचाव्या. एकाच सांध्यांत तिसरी काडी हवी असल्यास बाभळीच्या कांट्यानें नळीस भोंक पाडावें. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी आकार सोडीत नाहीं. चौकोन मात्र लगेच कलतो, आणि त्यांत एक कर्ण घातला कीं तोहि ताठ होतो. कारखान्याच्या छपराच्या कैच्यांत त्रिकोण कां असतात, हें त्याच छपराखालीं राबणाऱ्या कामगाराच्या मुलास एका काडींत कळतें. मग तो तें मोडतो आणि त्याच काड्यांचें दुसरें कांहीं करितो.

पेय पिण्याच्या नळीचें टोक चपटें करून दोन्ही कोपरे तिरपे कातरले कीं पिपाणी होते. वाजवितां वाजवितां नळी कापीत गेलें असतां स्वर चढत जातो. प्लास्टिकच्या नळ्यांस १ जुलै २०२२ पासून बंदी आहे खरी. पण पपईच्या देठाची पिपाणी आपल्याकडे जुनीच आहे.

आतां आमच्या वर्गांत एक मोठें खोकें ठेविलें आहे. ज्याच्या घरीं जें उरेल तें त्यांत पडतें, लागेल तें कोणींहि घ्यावें. कोणी काय आणिलें ह्याची नोंद होत नाहीं, गुणहि नाहींत. सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन कारखान्यांत विचारून खुशाल आणावे. लेथवरील लोखंडाच्या कुरळ्या साली मात्र, कितीहि चकाकोत, आणूं नयेत. त्यांची धार बोट कापते. रसायनांच्या डब्यांना तर धुवूनसुद्धां आमच्या खोक्यांत जागा नाहीं.