चेरुतुरुत्तीची भावशाळा

केरळात जाणाऱ्या प्रवाशाला शोरणूर जंक्शन बहुधा गाडी बदलण्यापुरतेच ठाऊक असते. वाचकहो, कोकण रेल्वेने दक्षिणेकडे जाताना आपणही कदाचित तेथे चहा घेऊन पुढे निघून गेला असाल. पुढच्या खेपेस मात्र तेथे अवश्य उतरावे. गावाच्या दक्षिणेस भारतप्पुळा नदीचे विस्तीर्ण पात्र पसरलेले आहे. अनैमलैच्या डोंगरांतून निघालेली ही नदी २०९ किलोमीटर वाहून पोन्नानीपाशी अरबी समुद्राला मिळते. पूल ओलांडला की पालक्काड जिल्हा संपून त्रिशूर जिल्हा लागतो आणि चेरुतुरुत्ती हे लहानसे गाव येते.

महाकवी वळ्ळत्तोळ नारायण मेनन यांनी मुकुंद राजा यांच्या साहाय्याने १९३० साली स्थापन केलेली केरळ कलामंडलम ही संस्था पुढे याच गावी स्थिरावली. आज ती अभिमत विद्यापीठ आहे. येथे पाहण्यासारखे पुष्कळ आहे. पण आपण मनात एकच प्रश्न घेऊन जावे. भय, शोक, क्रोध या गोष्टी शिकवता येतात काय, आणि येत असतील तर आरंभ कोठून करतात?

आरंभ होतो तो शरीरापासून. कथकलीचा नट रंगभूमीवर संवाद बोलत नाही. पदे मागे उभे असलेले गायक गातात. तेव्हा जे काही सांगायचे ते त्याने हातांच्या मुद्रांनी, डोळ्यांनी आणि सर्वांगाने सांगायचे. म्हणून आठ-दहा वर्षांच्या शिक्षणात प्रथम देहाची मशागत होते. पावसाळ्यात, हवा ओलसर असताना, विद्यार्थ्याच्या अंगाला तेल चोळतात. तो जमिनीवर पालथा निजतो आणि आशान, म्हणजे गुरुजी, आधाराला धरून पायांनी त्याचे अंग रगडतात. याला ‘उळिच्चिल’ म्हणतात. पाऊल बाहेरच्या कडेवर टेकून, गुडघे फाकवून उभे राहण्याची कथकलीची बैठक अशा मर्दनाने लवचीक झालेल्या देहालाच पेलते.

पहाटे डोळ्यांत तूप घालून बुबुळे वर-खाली, आडवी, तिरपी आणि वर्तुळाकार फिरविण्याचा अभ्यास चालतो. भुवया, पापण्या, गाल, ओठ यांना वेगवेगळे हलविण्याची सवय केली जाते. आपल्याच कपाळाची एखादी शीर केव्हा ताणली गेली हे ज्याला कळत नाही, त्याच्या चेहऱ्यावर नवरस कसे उमटावेत?

१९६५ साली याच संस्थेत पैंकुळम राम चाक्यार यांच्या मार्गदर्शनाखाली कूडियाट्टम या प्राचीन संस्कृत नाट्यप्रकाराचे शिक्षण मंदिरांच्या बाहेर सुरू झाले. या परंपरेत श्वासालाही मोठे स्थान आहे. इरिंजालक्कुडाचे अम्मन्नूर माधव चाक्यार (१९१७–२००८) यांचा वालीच्या मृत्यूचा प्रवेश विख्यात होता. वालीचा प्राण हळूहळू निघून जातो आहे, हे ते मुख्यतः श्वासाच्या गतीतून दाखवीत.

हा विचार आपल्या देशाला नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ सात्त्विक भाव सांगितले आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. घाम, काटा, कंप, आसवे, सारी देहाचीच लक्षणे! तरीही ती मनाच्या एकाग्रतेतून उपजतात, असे शास्त्रकार म्हणतो. आपली मायबोली तरी निराळे काय सांगते? भीतीने पोटात गोळा येतो, आनंदाने ऊर भरून येतो, दुःखाने घशाशी आवंढा येतो, वाईट बातमीने हातपाय गळतात आणि संकट टळले की जीव भांड्यात पडतो.

पश्चिमेकडे विल्यम जेम्स यांनी १८८४ साली मांडले की, शरीरात झालेल्या बदलांची जाणीव हीच भावना होय. आपण रडतो म्हणून आपल्याला दुःख वाटते. १९२७ मध्ये वॉल्टर कॅनन यांनी त्यावर मार्मिक आक्षेप घेतला. छातीची धडधड रागात होते तशी भीतीतही होते. मग केवळ धडधडीवरून भावना कशी ओळखावी? पुढे १९८३ साली पॉल एकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी, बहुतांशी नट असलेल्या काही व्यक्तींना चेहऱ्याचे विशिष्ट स्नायू आवळण्यास सांगून त्यांच्या देहातील बदल मोजले. क्रोध आणि भय या दोहोंच्या मुद्रेत हृदयाची गती वाढली. पण बोटांची उष्णता क्रोधात भयापेक्षा अधिक वाढली. हे अंतर थोडे असले तरी चेरुतुरुत्तीच्या आशानांना त्याचे नवल वाटू नये. आज शास्त्रज्ञ असे मानतात की, हृदय, फुफ्फुसे, आतडी यांच्याकडून मेंदूला सतत वार्ता पोहोचते आणि प्रसंग पाहून मेंदू तिचा अर्थ लावतो. वार्ता देहाची, अर्थ मनाचा. दोहोंच्या मिळणीतून भावना उमगते.

यात रंगभूमीपुरतेच हित नाही, आपल्या घराचेही आहे. परीक्षेच्या सकाळी मूल म्हणते, “आई, पोटात दुखतंय.” आपण ओवा देतो, नाहीतर ढोंग म्हणून रागावतो. मूल बहुधा खोटे बोलत नसते. पोट खरोखरच दुखत असते. त्या दुखण्याला भीती म्हणतात, एवढेच त्याला ठाऊक नसते. मोठ्या माणसांचेही असेच होते. मान आखडते, झोप उडते, छाती जड होते. वैद्याला काही सापडत नाही, आणि आत साठलेला शोक किंवा संताप त्याच्या नावाने कधी ओळखलाच जात नाही.

अर्थात देहाकडे लक्ष देण्यातही विवेक हवा. चिंताग्रस्त माणूस आपल्या छातीचे ठोके मोजत बसतो, आणि प्रत्येक ठोक्यागणिक त्याची धास्ती वाढते. छातीत खरेच दुखू लागले तर भावनेची मीमांसा न करता डॉक्टरांकडेच गेले पाहिजे. कलामंडलमचा विद्यार्थीही शरीराला घाबरत नाही आणि त्याच्या स्वाधीनही होत नाही. आधी तो त्याची ओळख करून घेतो. मग नाव देतो. मग त्याला वळण लावतो.

एवढी साधना आपल्या वाट्याला येणार नाही, आणि तिची गरजही नाही. पण पुढच्या वेळी मुलाचे पोट दुखले तर त्याला जवळ घेऊन विचारावे, “कुठे दुखतंय? कधीपासून? आज शाळेत काय आहे?” तीन प्रश्नांना फार वेळ लागत नाही. आपल्या पोटातल्या गोळ्याला भीती म्हणतात हे कळलेल्या मुलाला ती भीती दुसऱ्याला सांगता येते.