जुन्या गाडीचे नवे ब्रेक

जुनी स्पोर्ट्स कार घेतली की लोक दोनच प्रश्न विचारतात. पळते किती? आणि पेट्रोल किती खाते? थांबते कशी, हे कुणीच विचारत नाही!

माझी एमजीबी १९६५ची. इथे इंग्लंडात ४० वर्षांहून जुन्या, फारशा न बदललेल्या गाड्यांना मे २०१८पासून वार्षिक एमओटी तपासणीची सक्ती नाही. म्हणजे डेव्हलपर, टेस्टर आणि युझर, सगळं आपणच :-) तेव्हा या हिवाळ्यात ब्रेकचं काम काढलं.

ब्रेक अपग्रेड म्हटलं की डोळ्यांसमोर येतात मोठ्या डिस्क आणि चार पिस्टनचे कॅलिपर. दिसतात झकास! पण ब्रेकचं काम काय, तर वेगाची उष्णता करणे. दोन माणसांसकट गाडी ११०० किलो धरा. ताशी ११० किलोमीटरवरून ती थांबवली की साधारण दीड लिटर गार पाणी उकळीला येईल एवढी उष्णता तयार होते, तीही काही सेकंदांत. जुन्या ड्रम ब्रेकची इथेच गोची व्हायची. ड्रम तापून प्रसरण पावायचा, पेडल खाली खाली जायचं. १९५३ साली जॅग्वारने ल माँची शर्यत जिंकली त्यात डिस्क ब्रेकचा वाटा मोठा होता.

पण एमजीबीला १९६२पासून पुढे डिस्क आहेतच. चाकं लॉक करण्याइतकी ताकद ब्रेकमध्ये असली की पुढची मर्यादा टायरची. सर्वो लावला तर पायाला हलकं वाटतं, अंतर कमी होत नाही. आणि उत्साहाच्या भरात फक्त मागचेच ब्रेक दणकट केले तर? ब्रेक मारताना वजन पुढे झुकतं, हलकी झालेली मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते.

मग खरी भानगड कुठे आहे? माझ्या गाडीत चारही चाकांना मिळून हायड्रॉलिक सर्किट एकच. एक रबरी होज फुटला की पेडल थेट तळाला. उरतो फक्त केबलवर चालणारा हँडब्रेक, तोही मागच्या दोन चाकांपुरता. आपल्या भाषेत सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर! ऑफिसात असं डिझाइन कुणी आणलं तर आपण रिव्ह्यूमध्येच हाणून पाडू. आणि इथे शेजारच्या सीटवर बायको बसलेली असते. अमेरिकेत १९६८पासून दुहेरी सर्किट कायद्याने सक्तीचं झालं, म्हणून तिकडे जाणाऱ्या एमजीबीत ते आलं.

तेव्हा माझं बजेट तिथेच गेलं. दुहेरी मास्टर सिलिंडर, पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या लाइन्स, गंजणाऱ्या स्टीलऐवजी तांबे-निकेलचे पाइप आणि सगळे होज नवे. जुना होज बाहेरून ठणठणीत दिसतो आणि आतून फुगून बंद होत आलेला असतो. ब्रेक ऑइलही बदललं. ते हवेतली ओल शोषतं. डॉट ४चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २३० अंश, ओल शोषल्यावर १५५पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि ब्रेक लागत नाही. हा सगळ्यात स्वस्त अपग्रेड, दर दोन वर्षांनी करावा.

बाहेरून बघाल तर गाडीत काहीही बदललेलं नाही. थांबायचं अंतरही तेवढंच. फरक इतकाच, की एखादा पाइप दगा देईल त्या दिवशी निदान दोन चाकं तरी माझं ऐकतील. असो. तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर पॉलिश नंतर करा, आधी होज बघा!